रस्ता सगळ्यांचा, मग त्याचे पांढरे पाणी आमच्याच नालीत का?

आंबेडकरी चळवळीत पाण्याचा विषय निघाला की आपण महाडला जातो. जायलाच हवे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी त्याच तळ्यात शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवले की पाणी शुद्ध होते, असे मानणारा हा समाज आहे. या समाजात शुद्धता वेगळी आणि स्वच्छता वेगळी. पाण्याला हात कोणी लावला यावर शुद्धता ठरते. पाण्यात काय मिसळले यावर स्वच्छता ठरते. पहिलीसाठी माणसांची डोकी फोडली गेली. दुसरीसाठी साधा अर्ज करायलाही कोणी पुढे येत नाही.

आज मला रस्त्याच्या एका कामाबद्दल लिहायचे आहे. पर्यावरणवाले त्याकडे पाहत नाहीत आणि आपण चळवळीतले लोकही पाहत नाही. ते काम म्हणजे सिमेंट रस्त्याची कटिंग आणि तिच्यातून निघणारे दुधासारखे पांढरट-राखाडी पाणी.

मी नागपुरात वस्त्यांमध्ये काम करते. गेल्या वीस वर्षांत या शहराने सिमेंटच्या रस्त्यांचा ध्यासच घेतला आहे. रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाले आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागले, यावर बरेच बोलले गेले. पण रस्ता होत असताना आणि झाल्यावर पुन्हा पुन्हा कापला जात असताना नालीत काय सोडले जाते, यावर कोणी बोलत नाही.

कटिंग का करतात?

काँक्रीट सुकताना आकसते. त्याला मोकळीक दिली नाही तर रस्ता वाटेल तिथे तडकतो. म्हणून काँक्रीट टाकल्यावर काही तासांत, साधारण एका दिवसाच्या आत, यंत्राने त्यात ठरावीक अंतरावर सरळ खाचा पाडतात. सिमेंट रस्त्यावरून जाताना दर साडेचार मीटरला जो आडवा जोड लागतो, तो हाच. ही खाच स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल असते. ती पाडणाऱ्या गोल पात्याला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. पाते तापू नये आणि धूळ उडू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडावे लागते. ते पाणी आणि कापलेल्या काँक्रीटची पिठासारखी भुकटी मिळून जो पातळ गारा होतो, त्याला इंजिनियर लोक स्लरी म्हणतात.

ही झाली पहिली कटिंग. रस्ता तयार झाला की पाण्याची लाइन आठवते, मग गटाराची, मग इंटरनेटच्या केबलची. प्रत्येक वेळी तोच रस्ता पूर्ण जाडीत, दोन्ही बाजूंनी कापायचा. प्रत्येक वेळी पुन्हा स्लरी. शिवाय काँक्रीटची गाडी रिकामी झाली की तिची नळी आणि ड्रम धुतलेले पाणी असते, तेही त्याच जातीचे.

कोणी म्हणेल, असे कितीसे पाणी निघणार? हिशेब करू. खाच 4 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर खोल धरली, तर एका मीटरमागे 320 घनसेंटिमीटर काँक्रीट निघते, म्हणजे पाऊण किलो भुकटी. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर साडेचार मीटरला एक आडवा जोड आणि मधोमध एक उभा जोड धरला, तर एका किलोमीटरला अडीच हजार मीटर कटिंग होते. भुकटी झाली जवळपास दोन टन. एक मीटर कापायला एक मिनिट आणि मिनिटाला दहा लिटर पाणी धरले, तर पंचवीस हजार लिटर स्लरी. हे फक्त एका किलोमीटरचे आणि फक्त पहिल्या कटिंगचे. आता आपल्या शहरातले सिमेंटचे किलोमीटर मोजा.

चुन्याच्या डबीतले विज्ञान

सिमेंटमध्ये पाणी पडले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. पानाच्या डबीतला विझवलेला चुना तो हाच. चुना जास्त झाला की तोंड पोळते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कटिंगच्या पाण्यात हाच चुना विरघळलेला असतो. पाणी आम्ल की अल्कली हे पीएच या मापाने मोजतात. 7 म्हणजे मध्य. त्यापुढे एक आकडा वाढला की अल्कलीपणा दहापट होतो. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे मध्यापेक्षा लाखपट. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा पीएच 5.5 ते 9 या मर्यादेत हवा, असे पर्यावरण संरक्षण नियमांचे मानक आहे. 12 आणि 9 हे आकडे शेजारी वाटतात, पण त्यांच्यात हजारपटीचे अंतर आहे.

बुद्धविहारात अभ्यासिकेला येणाऱ्या मुलांना घेऊन आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून पीएच पट्ट्यांचे पाकीट आणले. नळाच्या पाण्यात पट्टी हिरवट राहिली. कटिंगच्या गढूळ पाण्यात ती क्षणात गडद निळी झाली. डबीवरच्या रंगांशी ताडले तर 12. मग ते पाणी बाटलीत रात्रभर ठेवले. सकाळी गाळ तळाशी बसला होता आणि वर नितळ पाणी दिसत होते. मुले म्हणाली, "ताई, आता साफ झालं." पट्टी बुडवली तर पुन्हा 12. दिसायला स्वच्छ आणि असायला स्वच्छ यांतला फरक त्या एका पट्टीने मुलांना जेवढा शिकवला, तेवढा माझ्या भाषणाने शिकवला नसता.

माशांच्या कल्ल्यांना असे पाणी भाजते. बारीक भुकटी कल्ल्यांत अडकते, तळाशी बसून अंडी आणि किडे गाडून टाकते. नालीत ती साचते, आणि तिच्यात पाण्याशी संयोग न झालेले सिमेंटचे कण उरलेले असल्यामुळे काही ठिकाणी ती चक्क दगड होते.

"नदी तर आधीच गटार आहे"

वस्तीतल्या दोन महिलांना घेऊन मी या कामावरच्या एका साहेबांना भेटले. त्यांचे उत्तर तयार होते, "मॅडम, नाग नदीत आधीच काय शुद्ध पाणी वाहतंय?" हा युक्तिवाद आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. वस्ती आधीच घाण आहे, मग कचरा तिथेच टाका. जो आधीच खाली आहे, त्याच्यावर आणखी ओतायला हरकत नाही. जातीचे तर्कशास्त्र याहून वेगळे काय असते?

पण हा युक्तिवाद विज्ञानातही खोटा आहे. सांडपाण्यात अमोनिया असतो. पीएच 7 च्या आसपास त्यातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच 9 च्या थोडा वर गेला की निम्मा अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणजे आधीच घाण असलेल्या पाण्यात सिमेंटचे पाणी मिसळले, तर ते स्वच्छ नदीत करील त्यापेक्षा जास्त नुकसान करते. त्यातही काँक्रीटची कामे चालतात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, जेव्हा नालीत पातळ करायला दुसरे पाणीच नसते.

आणि हे पाणी जाते कुठे? घराच्या मोरीचे पाणी गटारात जाते आणि निदान काही प्रमाणात तरी त्यावर प्रक्रिया होते. रस्त्याकडेच्या पावसाळी नालीचे पाणी सरळ नाल्यात जाते. तिथून नाग नदी. नाग पश्चिमेकडून पूर्वेकडे सारे शहर ओलांडते, पुढे कन्हानमध्ये जाते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि ते सगळे गोसेखुर्दच्या जलाशयात साठते. त्या पाण्यावर जाळे टाकणारे ढिवर बांधव, त्यावर शेती करणारे आणि ते पिणारे लोक यांनी नागपूरचा सिमेंट रस्ता मागितला नव्हता. नाग नदीच्या घाणीचा मोठा वाटा सांडपाण्याचा आहे, हे मला मान्य आहे. स्लरी हा त्यातला छोटा वाटा असेल. पण सांडपाण्यासाठी कोट्यवधींचे प्रकल्प लागतात, वर्षे लागतात. स्लरी आज संध्याकाळी थांबवता येते. जे आज थांबवता येते ते न थांबवणे, हा निव्वळ बेफिकीरपणा आहे.

सब्बल कोणाच्या हातात?

या साखळीत माणसे कोण आहेत ते पाहा. कटर चालवणारा मुलगा ठिय्यावरून आलेला असतो. कधी आपल्याच वस्तीतला, कधी बालाघाट-शिवनीकडचा, कधी छत्तीसगडचा. एकाला मी विचारले, "भाऊ, हे पाणी नालीत का सोडता?" तो म्हणाला, "ताई, पाणी बंद केलं तर पातं जळते. अन् ते कुठं जाते हे पाहाचं काम आमचं नाही, आम्हाले मीटरवर पैसे भेटतात." त्याचे खोटे नव्हते. त्याच्या पायात चपला होत्या आणि घोट्यापर्यंत पांढरे पाणी. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. त्यातल्या क्रोमियममुळे खाज आणि चट्टे उठतात, आणि एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर सुटत नाही.

मग पाणी न वापरता कोरडीच कटिंग करावी का? मुळीच नाही. कोरड्या कटिंगमध्ये सिलिकाची धूळ थेट फुफ्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उपचार नाही. नदी वाचवायला मजुराचे फुफ्फुस द्यायचे, असला पर्यावरणवाद आपल्याला नको. पाणी वापरायचेच, पण ते गोळा करायचे. दोन्ही जीव वाचवणारा हाच मार्ग आहे.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो नाली साफ करणारा. पावसाळ्यापूर्वी नाल्या उपसायला ठेकेदाराकडून जी माणसे उतरवली जातात, ती कोणत्या जातींची असतात हे मी या वाचकांना सांगायची गरज नाही. त्यातले एक काका मला म्हणाले, "गाळ फावड्यानं निघते बाई, हे सब्बलनं फोडा लागते." रस्ता करणाऱ्याने कागदावर काम पूर्ण दाखवून बिल उचललेले असते. त्याने सोडलेली भुकटी दगड होऊन नालीच्या तळाशी बसलेली असते. ती फोडायची मजुरी वेगळ्या खात्यातून निघते, आणि फोडणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोजेही नसतात. न फुटलेला दगड तसाच राहतो आणि जूनमध्ये पाणी वस्तीत शिरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूर बुडाले ते स्लरीमुळे, असे मी म्हणत नाही. त्याची कारणे मोठी होती. पण नालीची खोली वीतभर कमी झाली की कोणाच्या घरात आधी पाणी येते, हे खालच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते की जात ही कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून त्यांची उतरंड लावते. रस्त्याच्या कामात ती उतरंड आजही उभी आहे. वरच्याने निर्माण केलेली घाण खालच्याच्या खात्यात जमा होते आणि वरच्याचा हिशेब स्वच्छ राहतो.

हे थांबवायला काय लागते?

फार काही लागत नाही. कटिंग सुरू करण्यापूर्वी उतार पाहायचा आणि नालीची तोंडे वाळूच्या पोत्यांनी आणि रबरी चटईने बंद करायची. नुसते गोणपाट लावून भागत नाही. भुकटी त्यातून पार होते. पात्यावर लागेल तेवढेच पाणी सोडायचे. यंत्रामागे ओले पाणी ओढणारा व्हॅक्यूम चालवायचा. तो नसेल तर सखल बाजूला मातीचा बांध घालून, वायपरने पाणी तिकडे ओढून, ड्रममध्ये भरायचे. ड्रममधला गाळ खाली बसला की वरचे पाणी पुन्हा कटिंगलाच वापरायचे, कारण ते नितळ दिसले तरी नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतण्यासारखे नसते. उरलेला गाळ सुकवून पाडकामाच्या राड्यासोबत ठरलेल्या जागी पाठवायचा. आणि काम संपल्यावर रस्ता पाइप लावून धुवायचा नाही. झाडून, ओढून गोळा करायचे. कामगाराला गमबूट, रबरी मोजे, मास्क आणि हातपाय धुवायला साधे पाणी द्यायचे. रस्त्याच्या एका किलोमीटरचा खर्च कोटींमध्ये जातो. त्यात पंचवीस हजार लिटर गाऱ्याचा बंदोबस्त परवडत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हिशेब दाखवावा.

हे आमच्या भागात घडलेही. महिलांनी आणि विहारातल्या मुलांनी रात्री कामावर जाऊन पट्टीचा रंग दाखवला, फोटो काढले, लेखी अर्ज दिला. ठेकेदाराच्या माणसाने पोती लावली, तीन ड्रम आणले, पाणी पुन्हा वापरले. काम अडले नाही. कटरवालाच म्हणाला, "टँकर कमी लागला ताई." पण पुढच्या गल्लीत काम गेले तेव्हा तिथे विचारणारे कोणी नव्हते, आणि पांढरे पाणी पुन्हा नालीत गेले. यातून मी एकच निष्कर्ष काढते. कोणाच्या भलेपणावर सोडलेली गोष्ट गल्लीपुरतीच टिकते. ती निविदेत लिहिली पाहिजे.

कायदा आहे, तो मागायचा आहे

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 1974 चे कलम 24 प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडायला मनाई करते, आणि प्रवाहाला अडथळा करून प्रदूषण वाढवणारा पदार्थ सोडायलाही. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचरा करणाऱ्यावर नाल्यांना अडथळा होऊ न देण्याची जबाबदारी टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कागदावर कमी काही नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. एक, कटिंगच्या प्रत्येक निविदेत स्लरी गोळा करून विल्हेवाट लावण्याची स्वतंत्र बाब दरासह असावी, म्हणजे ठेकेदाराला 'त्याचे पैसे मिळत नाहीत' हे कारण उरणार नाही. दोन, गोळा केलेल्या गाळाची पोच जोडल्याशिवाय बिल निघू नये. तीन, काम संपल्यावर नालीची पाहणी वस्तीतल्या दोन रहिवाशांसमोर व्हावी. चार, नालीत दगड झालेली स्लरी फोडण्याचा खर्च रस्त्याच्या ठेकेदाराकडून वसूल करावा आणि ते काम यंत्राने व्हावे. पाच, कटरवाल्यांची नोंदणी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात व्हावी. नव्वद दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात, तिथे आपल्या कार्यकर्त्यांनी उभे राहावे.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, अत्याचार, शिष्यवृत्ती, खासगीकरण हे प्रश्न पेटलेले असताना तू नालीतल्या पाण्याचे काय घेऊन बसलीस? माझे उत्तर असे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. आपल्या धम्माची सुरुवातच पाणी कोणाचे आणि किती या प्रश्नाशी जोडलेली आहे. विनयात भिक्खूंसाठी पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये असा नियम आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका भिक्षापात्रधारी माणसाकडून जी अपेक्षा होती, ती आज कोट्यवधींचे काम घेणाऱ्याकडून का नको?

संविधानाचे कलम 15(2) एकदा उघडून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरापासून कोणालाही जातीवरून रोखता येणार नाही, असे ते सांगते. महाडच्या पाण्याची आठवण त्या कलमात आहे. पाणी आणि रस्ता तिथे एकाच ओळीत, शेजारी शेजारी आहेत. रस्त्यावरून चालण्याचा हक्क आपण मिळवला. आता त्या रस्त्याची घाण कोणाच्या दारात जाते हे विचारण्याचा हक्क वापरायचा आहे. त्यासाठी मोर्चाच हवा असे नाही. आपल्या भागात कटरचा आवाज आला की खाली उतरा, पाणी कुठे चालले ते पाहा, पट्टी बुडवा, फोटो काढा, अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

जय भीम!